हर्ण्याचा कान, कराचीचा कान

हर्ण्याच्या बंदरात हल्ली कुणी कुणाला "जेवलास काय?" असं विचारत नाही. "आज हद्द कुठं?" असं विचारतात. लिलावाला टोपल्या मांडून बसलेल्या बायका विचारतात, बर्फाचा ट्रकवाला विचारतो, आणि मासळीशी ज्यांचा संबंध फक्त ताटापुरता, असे पुण्याचे पाहुणेसुद्धा दोन दिवस राहिले की विचारायला लागतात. मासेमारीची हद्द आता एका जागी राहत नाही. ती चालते. काल होती तिथं आज नसते, आणि आज कुठं आहे हे ठरवणाऱ्या दोन माणसांपैकी एक माणूस बंदरामागच्या टेकाडावर, पांढऱ्या बैठ्या इमारतीत, कानाला यंत्र लावून बसलेलं असतं.

तिचं नाव रुचिता पावसे. सरकारी हुद्दा 'ध्वनिसाक्षी'. बंदरात तिला कानवाली म्हणतात आणि तिला ते नाव आवडतं. आवडायचं, असं म्हणू या. गेल्या हिवाळ्यापासून ते नाव ऐकलं की तिला दुसरी कानवाली आठवते आणि तळपायाची आग मस्तकात जाते.

दुसरी कानवाली कराचीत बसते. सफिया बुरोंडकर.

आडनाव वाचून चमकलात ना? रुचिताही चमकली होती. बुरोंडी इथून रिक्षानं जाण्याएवढं जवळ. सफियाच्या घराण्यातला कुणी पूर्वज बोटीवर खलाशी म्हणून कराचीला गेला, तेवढ्यात फाळणी झाली आणि तो तिकडचाच होऊन राहिला. गाव सुटलं, आडनाव सुटलं नाही. घरात आजीची कोकणी बोली तगली. सफिया तीच बोली बोलते, अधूनमधून मराठी मालिका पाहून उचललेले शब्द पेरते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ही बाई कराचीत नाही, पलीकडच्या पाखाडीत बसली आहे.

आता हे कानाचं प्रकरण काय ते सांगायला हवं. अरबी समुद्र तापत गेला तसा घोळ मासा थंड पाण्याच्या शोधात वायव्येला सरकला. घोळ म्हणजे कोळ्याचं नशीब. एक मोठा थवा जाळ्यात आला की घरातली अडलेली लग्नं होतात. मासा सरकला, पण हद्द जुन्या नकाशावर होती तिथंच राहिली. मग इकडच्या बोटी माशामागं तिकडं घुसायच्या, थव्यानं तोंड फिरवलं की तिकडच्या बोटी इकडं. पकडापकडी झाली, माणसं वर्षानुवर्षं परक्या तुरुंगात सडली. शेवटी एका उन्हाळ्यात दोन देशांच्या युद्धनौका समोरासमोर उभ्या राहिल्या. माशासाठी! तेव्हा कुठं दोन्ही सरकारांना शहाणपण सुचलं, म्हणजे खरं तर दुसरं काही सुचेना. ओमाननं मध्ये पडून 'चालत्या हद्दीचा करार' घडवला. थवा जिथं असेल तिथं त्याच्याभोवती एक पट्टा आखायचा. पट्ट्यात दोन्ही देशांच्या बोटींनी मासे धरायचे, पट्ट्याबाहेर कुणी नाही. थवा सरकला की पट्टाही सरकणार.

थवा कुठं आहे हे घोळ स्वतःच सांगतो. नर घोळ पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटतो, आणि दिवेलागणीला सगळा थवा मिळून पाण्याखाली ढोल धरतो. पूर्वीचे कोळी वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून दांडा कानाला लावत आणि हा ढोल ऐकत. आता समुद्रात तरंगत्या बोयांच्या रांगा आहेत आणि प्रत्येक बोयाखाली पाण्यातला आवाज टिपणारं यंत्र आहे. या सगळ्या जाळ्याला सागरकर्ण म्हणतात. आवाज कसला आणि कुठून आला हे संगणक क्षणात सांगतो. पण दोन्ही देशांचा विश्वास आपापल्या संगणकावर होता, दुसऱ्याच्या संगणकावर कुणाचाच नव्हता. त्यात कुणी काय भरून ठेवलंय, कुणाला ठाऊक? म्हणून करारात कलम आलं: दोन देशांची दोन माणसं तोच आवाज आपापल्या कानानं ऐकतील आणि एकमेकांशी न बोलता आपलं उत्तर मस्कतच्या पंचाला देतील. उत्तरं जुळली तर पंच पट्टा आखून देईल. नाही जुळली तर पट्टा तिथल्या तिथं बंद, आणि दोन्हीकडच्या गस्ती बोटी आत.

एकदाच नाही जुळली. रुचिताच्या आधीच्या माणसाच्या वेळची गोष्ट. जाळी टाकून बसलेल्या बोटींना पट्टा बंद झाल्याचं धड कळलं नाही, आणि गस्तीवाल्यांना वाटलं की समोरचे मुद्दाम हलत नाहीत. पहिली गोळी कुणी झाडली ते आजवर ठरलेलं नाही. शेजारच्या पाजपंढरी गावाची एक बोट परत आली नाही, कराचीकडच्या कोळीवाड्यातलीही एक आली नाही. तेव्हापासून बंदरातली म्हातारी माणसं दिवेलागणीला टेकाडाकडे बघून हात जोडतात. रुचिताला त्याचा संकोच वाटतो, पण जोडू नका असंही म्हणवत नाही.

एवढ्या मोठ्या कामावर बसलेल्या बाईच्या मनात काय असावं? देश, समुद्र, शांतता? तेही होतंच. पण त्या सगळ्याच्या वर, भांड्यातल्या दुधावर साय यावी तसा, मत्सर होता.

कारण होते तिचे वडील. हरेश्वर पावसे, एकेकाळचे नावाजलेले तांडेल. बोटीवरच्या सगळ्यांचा म्होरक्या तो तांडेल, आणि हरेश्वरांनी वल्ह्याला कान लावून "टाका जाळी" म्हटलं की दाभोळपर्यंतच्या बोटी त्यांच्या मागं जाळी टाकत. त्यांना एकच मूल, रुचिता. लहानपणी ती किनाऱ्यावर उभी राहून हट्ट करायची, "बाबा, मला पण ऐकायचंय." बाईमाणसानं बोटीवर पाय ठेवायचा नाही ही रीत. बाबा तिच्या डोक्यावर टपली मारून निघून जायचे. मग ती हट्टानं ध्वनिशास्त्र शिकली, कोचीला राहिली, परीक्षेत देशात पहिली आली आणि हर्ण्याच्या केंद्रात रुजू झाली. गावानं सत्कार केला. बाबा म्हणाले, "बरा झाला. खुर्चीचं काम. पाय भिजायचे नायत." संपलं. यापलीकडे शब्द नाही.

बोट विकल्यावर हरेश्वरांना संध्याकाळ खायला उठायची. ते लेकीला चहा घेऊन टेकाडावर येऊ लागले. उत्तर देऊन झालं की यंत्रं तपासण्यासाठी हर्णे आणि कराची यांच्यात थोडा वेळ बोलणं मोकळं असतं. अशाच एका मोकळ्या वेळात पडद्यावरून आवाज आला, "रुचिताबाय, पाठीमागं बसलेत ते हरेश्वर तांडेल काय? माझी आजी त्यांच्या आजाचं नाव काढायची." झालं! म्हातारा खुर्ची ओढून पुढं आला, तो परत मागं गेलाच नाही.

"चाचा, घोळीचा नि ढोम्याचा आवाज येगळा कसा वळखायचा?" सफिया विचारायची. आणि ज्या माणसानं घरात तीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं, तो घडाघडा सांगायचा. घोळीचाच लहान भाऊबंद असलेला ढोमा मासा कसा कुरकुरतो, घोळ कसा घुमतो, वारा पडला की आवाज कसा फसवतो. बोटीची रीत बोटीपुरती होती. पडद्यावरच्या बाईला ती लागू नव्हती.

रुचिता शेजारी बसून दात-ओठ खायची. एकदा तिला सणसणून ताप होता, डोळे लाल झाले होते. बाबा चहा ओतता ओतता म्हणाले, "आज सफियेचा आवाज बसलेला वाटला, नाय? विचारायला पायजे." आणि वर कौतुक, "पोरीचा कान बघ. असा कान मी माझ्यानंतर नाय ऐकला."

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" रुचितानं घरी येऊन नवऱ्यापुढं भांडी आपटली. नितेश 'एकवीरा' बोटीवर इंजिन बघायचा. शांत माणूस. तो म्हणाला, "अगं, मग तू पण विचार की त्यांना."

"मी का विचारू? बाप कुणाचा आहे?"

"तुझाच. म्हणून तर म्हणतो."

"तिला विचारायला काय जातंय? तिला काय गमवायचंय? मी विचारलं नि त्यांनी पुन्हा टपली मारली तर?" नितेशनं ताट पुढं ओढलं.

त्या हंगामात करारात एक नवं कलम आलं. घोळ विणीवर असताना, म्हणजे अंडी घालायच्या काळात, त्याला धरायचं नाही. ढोल ऐकून 'साधा' की 'विणीचा' हेही दोघींनी सांगायचं. दोघी 'विणीचा' म्हणाल्या तर बोटींना वेळ देऊन, समजावून परत बोलवायचं. गस्त वगैरे काही नाही. फक्त बोटी रिकाम्या येणार. एकीचं 'साधा' नि दुसरीचं 'विणीचा' आलं तर मात्र जुनाच नियम: पट्टा बंद, गस्त आत.

सफियानं लगेच चाचांना गाठलं. हरेश्वर म्हणाले, "सोपा हाय. साधा ढोल संथ. विणीचा चढा, घाईचा. लगीनघाईच ती!" दोघं खळखळून हसले. रुचिता कानातलं यंत्र पुसण्याचं निमित्त करून सगळं ऐकत होती.

तिनं ते मनावर घेतलं आणि केंद्रातले गेल्या कित्येक वर्षांचे आवाज काढून बसली. बाबांना खोटं ठरवायला नव्हे, सफियाच्या आधी आपल्याला यावं म्हणून. आणि ऐकता ऐकता ती थबकली. मासा हा थंड रक्ताचा प्राणी. पाणी तापलं की त्याचा स्नायू भराभर हलतो, ढोलाची लय वाढते, आवाज चढतो. बाबांनी वल्ह्यावर ऐकलेला समुद्र गार होता. आता घोळीचा रोजचा, साधा ढोलच तेव्हाच्या विणीच्या ढोलाइतका घाईचा झाला होता. खरा फरक वेगात उरलाच नव्हता. तो उसंतीत होता: साधा ढोल मध्येच एकदम थांबतो, श्वास घेतल्यासारखा, आणि पुन्हा सुरू होतो. विणीच्या ढोलाला थांबणं नाही.

म्हणजे बाबांची शिकवण चुकीची झाली होती. आणि सफिया त्या शिकवणीवर चालणार होती.

रुचितानं हे सांगायला हवं होतं की नाही? हवंच होतं. बाबांना सांगायचं, मोकळ्या वेळात सफियाला सांगायचं. ती चार वेळा तोंड उघडायला गेली. पण दर वेळी ते दोघं हसत-खिदळत असायचे, आणि ही पुन्हा यंत्र पुसायला घ्यायची. चुकू दे एकदा, तिला वाटायचं. कळू दे म्हाताऱ्याला कुणाचा कान खरा. तिनं मनाशी म्हटलं, वेळ आली की सांगू. वेळ यायला अजून अवकाश आहे.

शिमगा झाला आणि वेळ आलीच. थवा पट्ट्याच्या उत्तर टोकाला आल्याची बातमी सकाळीच फुटली. हर्ण्याच्या बोटी झुंडीनं निघाल्या. 'एकवीरा'ही निघाली. नितेश जाताना म्हणाला, "आज मिळाली तर मिळाली." तिकडून कराचीच्या बोटीही आल्या. दुपारपर्यंत पट्ट्यात एवढी जाळी पडली होती की वरून बघणाऱ्याला समुद्रावर कुणी गोधडी अंथरलीय असं वाटावं.

दिवेलागणीला केंद्राचं दार आतून बंद झालं. उत्तर दिल्याशिवाय ते उघडत नाही. काचेपलीकडे बाहेरच्या बाकावर हरेश्वर बसले होते. तिथल्या छोट्या कर्ण्यावर समुद्राचा आवाज लोकांसाठी लावलेला असतो. रुचितानं यंत्र कानाला लावलं.

ढोल आला. मोठा, भरदार, घाईचा. ती डोळे मिटून वाट बघत राहिली. आवाज एकदम थांबला. मग पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला.

साधा. शंकाच नाही.

आणि त्याच क्षणी तिला कळलं की आपण काय करून ठेवलंय. सफियाला हा घाईचा ढोल ऐकून विणीचा वाटणार. चाचांनी शिकवलंय ना! मी 'साधा' म्हणणार, ती 'विणीचा' म्हणणार. उत्तरं जुळणार नाहीत. पट्टा बंद होईल, गस्ती बोटी आत घुसतील, आणि आत नितेश आहे, सगळं हर्णे आहे. समोरच्या फळीवर तीन कळा होत्या: घोळ नाही, साधा, विणीचा. बाजूचा दिवा पिवळा झाला. वेळ थोडाच उरला होता.

एक वाट होती. आपणही 'विणीचा' म्हणायचं. खोटं, पण जुळणारं. बोटी सावकाश परत येतील, रिकाम्या येतील, लोक दोन दिवस शिव्या घालतील, बस्स. कुणी मरणार नाही. एवढंसं खोटं बोलून एवढं सगळं वाचत असेल, तर बोलायला हरकत काय? तिचं बोट 'विणीचा'वर गेलं.

आणि मग? मग उद्या बाबा म्हणणार, "बघितलंस, सफियानं कसा बरोबर ओळखला!" जन्मभर म्हणणार. हिचं खरं हिच्यापाशीच कुजणार.

बोट तसंच राहिलं. मी हे खरं आहे म्हणून सांगू पाहतेय, की तिला पाडायला? तिनं स्वतःला विचारलं, आणि खरंच तिला ठरवता येईना. करार म्हणत होता, आपल्या कानानं ऐका. पण आत बसलेलं भूत म्हणत होतं, पडू दे ती सटवी. दोघंही एकच कळ दाखवत होते. नितेशचा चेहरा दुसरी कळ दाखवत होता.

काचेवर टकटक झाली. हरेश्वर उठून आले होते. त्यांनी बोटं भराभर नाचवून दाखवली, घाई, घाई, आणि मान हलवली: विणीचा. मग हसत हसत दोन्ही हात कानांना लावले आणि पश्चिमेकडं बोट केलं. म्हणजे तिकडच्या पोरीनं तर केव्हाच ओळखला असेल.

रुचिताच्या डोक्यात सणक गेली. तिनं 'साधा' दाबलं.

कळ दाबली गेली आणि सगळा राग एका झटक्यात उतरला. दाबलेलं उत्तर मागं घेता येत नाही. अरे देवा, मी नितेशला मारलं. मी मत्सरापायी माणसं मारली. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. तोंडानं "आई एकवीरे, आई एकवीरे" एवढंच निघत होतं.

मस्कतच्या पंचाचा आवाज नेहमीसारखा कोरडा होता. "हर्णे: साधा. कराची: साधा. उत्तरं जुळली. पट्टा खुला."

तिला पहिल्यांदा ऐकू आलं ते कळलंच नाही. मग ती टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. आणि खरं सांगायचं तर, त्या रडण्यात, तळाशी, थोडी चरफडसुद्धा होती. मेली याही वेळी बरोबर निघाली!

दार उघडलं. हरेश्वर तावातावानं आत आले. "साधा? साधा दिलास तू? विणीचा होता गो तो! आंधळ्याला पण ऐकू येईल. आता अंडीवाली मासळी मारतील सगळी." पडदा उजळला होता, सफिया समोर आली होती. ते तिच्याकडे वळले. "सफिये, तू सांग हिला."

सफियानं मान खाली घातली. "चाचा, मी पण साधाच बोलले."

"तू?"

"पाणी तापलंय, चाचा. तुमच्या येळचा घाईचा ढोल आता त्यांचा रोजचाच झालाय. मी जुने आवाज काढून बघितले. सांगायचं होतं तुम्हाला, पण जीभ उचलेना."

हरेश्वर खुर्चीत बसले. मग लेकीकडे बघून विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक?"

"हिवाळ्यापासून."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही कधी विचारलंत मला? काहीही?" रुचिताचा आवाज फाटला. "तिला सगळं शिकवलंत. मला एक शब्द नाही. मी लहानपणापासून किनाऱ्यावर उभी आहे, बाबा."

"तू शिकलेली," म्हातारा म्हणाला. "कोचीवरून आलीस. मला वाटला, हिला आता माझा काय उपयोग. विचारशील तर सांगू, असा म्हटला. तू विचारलाच नायस." तो उठला. दारात थांबून म्हणाला, "म्हणजे माझा दर्या गेला म्हणायचा. चला. खाली जाऊन लोकांना हद्द सांगतो, वाट बघत असतील." आणि निघून गेला. आज त्यानं सफियाचा निरोप घेतला नाही. रुचिताला ही गोष्ट मनात टिपून ठेवल्याची लाज वाटली.

मोकळा वेळ अजून शिल्लक होता. पडद्याच्या अलीकडे-पलीकडे दोघीच उरल्या. इतक्या दिवसांत त्या दोघीच अशा कधी बसल्या नव्हत्या.

"एक विचारू?" रुचिता म्हणाली. "मी काय उत्तर देईन असं तुला वाटलं होतं?"

"विणीचा," सफिया पटकन म्हणाली. "तू तांडेलाची लेक. बापाचंच बोलशील. मी म्हटलं, आता जुळत नाय. माझा मामेभाऊ आहे ना आत, बोटीवर. माझं बोट दोनदा विणीचावर जाऊन आलं."

"मग दाबलं का नाहीस?"

सफिया हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "राग आला तुझा. तुला बाप आहे, गाव आहे, बुरोंडी आहे, मी नकाशात बघते ते सगळं तू खिडकीतून बघतेस. आणि वर तुझ्यासाठी मी खोटं बोलू? म्हटलं, नाय बोलत. होऊ दे काय व्हायचं ते." ती थांबली. "मग दाबल्यावर उलटी झाली मला. खरंच सांगतेय."

हिला मत्सर? माझा? आपल्याकडे असं काय होतं की कुणी जळावं? मग रुचितानंही सांगून टाकलं. चुकू दे म्हणून गप्प राहिले ते, काचेवरची टकटक, रागाच्या भरात दाबलेली कळ, आणि उत्तरं जुळल्यावर आलेली चरफडसुद्धा. सफिया ऐकता ऐकता मध्येच एकदा "या अल्ला" म्हणाली, आणि नंतर दोघींना हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. शेजारच्या घरातल्या दोन जावांचं भांडण मिटावं तशा.

"ऐक," सफिया डोळे पुसत म्हणाली. "मस्कतहून पत्र येणार आहे. पुढच्या हंगामाआधी आपल्याला दोघींना महिनाभर एकत्र ठेवणार आहेत, तिकडं. सोबत ऐकायचं, सोबत शिकायचं. दोन देशांच्या साक्षींमध्ये जिव्हाळा वाढावा म्हणून. मी तर हो म्हणणार. तू येशील ना?"

रुचिताच्या तोंडावर 'येईन' आलंच होतं. जायची इच्छा होती, मनापासून होती. खालून बंदरातून हद्दीची घोषणा ऐकू येत होती, माणसं ओरडत होती, कुणीतरी फटाके लावले. बोटींकडून मासे लागल्याची खबर आली असावी. पण तिच्या मनात एक विचार येऊन बसला होता आणि तो हलायला तयार नव्हता.

"सफिया," ती म्हणाली, "आज आपण दोघी खरं बोललो, कारण एकमेकींसाठी खोटं बोलावं इतकी माया आपल्यात नव्हती. पुढच्या वर्षी असेल. मग तुझा भाऊ आत असेल, माझा नवरा आत असेल, आणि मला तुझ्या मनातलं उत्तर आधीच ठाऊक असेल. तेव्हा मी कुणाच्या कानानं ऐकू?"